आल्फ्रेद नकाश यांची जलतरण कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्फ्रेद नकाश यांचे नाव निघाले की बोलणे थेट ऑश्विट्झवर जाते आणि तिथेच थांबते. ते स्वाभाविकही आहे. पण ते छळछावणीत गेले तेव्हा फ्रान्समधल्या सर्वोत्तम जलतरणपटूंपैकी एक होते आणि एक विश्वविक्रम त्यांच्या नावावर होता. तिथून परतल्यावर ते पुन्हा स्पर्धेत उतरले. म्हणून इथे आधी त्यांच्या पोहण्याविषयी लिहिले आहे आणि त्यांच्यावर कोसळलेल्या संकटाची हकिगत त्या ओघात आली आहे.

आल्फ्रेद नकाश कोण होते?

आल्फ्रेद नकाश यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९१५ रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टन्टीन शहरात एका मोठ्या ज्यू कुटुंबात झाला. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथल्या ज्यूंना १८७० च्या क्रेमिय आदेशाने फ्रेंच नागरिकत्व मिळालेले असल्यामुळे नकाश जन्मापासून फ्रेंच नागरिक होते. नंतर याच नागरिकत्वावर घाला पडला, म्हणून हा तपशील लक्षात ठेवावा. फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोक हे त्यांचे दोन मुख्य प्रकार. १९३६ च्या बर्लिन आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्रान्सचे प्रतिनिधित्व केले. या दोन ऑलिंपिकांमधल्या बारा वर्षांत त्यांनी विश्वविक्रम केला, नागरिकत्व गमावले, नोकरी गमावली, बायको आणि मुलगी गमावली, आणि तरीही ते तलावावर परत आले.

त्यांच्या नावाचा उच्चार कसा करावा?

फ्रेंच उच्चार ‘नकाश’ असाच आहे. रोमन लिपीतले स्पेलिंग पाहून काही जण ‘नकाचे’ किंवा ‘नकाके’ म्हणतात, ते बरोबर नाही. मित्रमंडळींत आणि वृत्तपत्रांत त्यांना ‘आर्तेम’ या टोपणनावानेही ओळखत असत.

लहानपणी त्यांना पाण्याची भीती वाटत होती, हे खरे आहे का?

होय. नकाश लहानपणी पाण्याला घाबरत, असे त्यांच्या चरित्रात सातत्याने आलेले आहे. कॉन्स्टन्टीन हे खोल दरीच्या काठावर वसलेले, पुलांचे शहर आहे. दरीच्या बाजूला सिदी मसिद येथे पोहण्याचे तलाव आहेत आणि नकाश तिथेच पाण्याला सरावले. भीती गेली ती कायमची, आणि किशोरवयातच ते उत्तर आफ्रिकेतल्या स्पर्धा जिंकू लागले. त्यांची अंगकाठी पहिल्यापासून दणकट होती. छाती रुंद आणि खांदे भरलेले होते. समकालीन छायाचित्रांत ते जलतरणपटूपेक्षा मल्लच वाटतात. लांब, सडपातळ शरीर पाण्याला कमी अडवते, म्हणून अशी ठेवण पोहण्यासाठी आदर्श मानली जात नाही. पण ज्या प्रकारात नकाश पुढे विश्वविक्रमापर्यंत गेले, त्यात खांद्यांच्या ताकदीलाच सर्वाधिक महत्त्व होते.

ते पॅरिसला केव्हा गेले?

१९३३ मध्ये, म्हणजे वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पॅरिसला आले आणि तिथल्या नामांकित क्लबमधून पोहू लागले. तेव्हा फ्रेंच जलतरणात जाँ तारिस यांचा दबदबा होता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलचे रौप्यपदक मिळवलेले तारिस हे देशाचे लाडके खेळाडू होते, आणि त्यांच्यासमोर टिकायचे म्हणजे नवख्याला वेग वाढवण्यावाचून पर्याय नव्हता. नकाश यांनी १९३५ मध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी तेल अवीवला झालेल्या दुसऱ्या मकाबिया या ज्यू खेळाडूंच्या क्रीडास्पर्धेत याच अंतराचे रौप्यपदकही त्यांनी पटकावले. पुढे ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक झाले आणि १९३७ मध्ये पोल एल्बाझ यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी काय केले?

४ × २०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत फ्रान्सच्या चौकडीत तारिस यांच्यासोबत नकाश होते. या शर्यतीत जपानने ८ मिनिटे ५१.५ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले, अमेरिका दुसरी आणि हंगेरी तिसरी आली. फ्रान्सचा संघ चौथा आला, म्हणजे पदक हुकले. पण पाचव्या क्रमांकावर यजमान जर्मनी होता. ज्यूंना शाळा, क्लब आणि नोकऱ्यांमधून हद्दपार करणाऱ्या राजवटीच्या राजधानीत, हजारो प्रेक्षकांसमोर, एका ज्यू जलतरणपटूचा समावेश असलेल्या संघाने जर्मन संघाला मागे टाकले होते. त्या दिवशी हा विजय म्हणून कोठेही नोंदवला गेला नाही, चौथा क्रमांक एवढीच नोंद झाली. मला मात्र ही चौथी जागा फार मोलाची वाटते.

१९४१ चा त्यांचा विश्वविक्रम ब्रेस्टस्ट्रोकचा होता की बटरफ्लायचा?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी नोंद दिसत असल्याने गोंधळ होणे साहजिक आहे. अधिकृत उत्तर असे की, ६ जुलै १९४१ रोजी मार्सेय येथे नकाश यांनी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे अंतर २ मिनिटे ३६.८ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. पण त्यांनी ते अंतर ज्या तऱ्हेने पार केले ती आज ब्रेस्टस्ट्रोक म्हणून कोणताही पंच मान्य करणार नाही.

त्याचे कारण नियमांच्या इतिहासात आहे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी फिरले पाहिजेत आणि पाय बेडकासारखे मारले पाहिजेत, असा नियम होता. पाण्याला मागे रेटल्यावर हात पुढे आणताना ते पाण्याखालूनच आणले पाहिजेत, असे मात्र नियमात लिहिलेले नव्हते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या काही जलतरणपटूंनी ही फट हेरली आणि दोन्ही हात पाण्याबाहेरून झोकात पुढे आणायला सुरुवात केली. पाण्याखालून हात पुढे नेताना पाणी अडवते आणि मिळवलेल्या वेगातला काही भाग त्यातच खर्ची पडतो. हवेतून हात नेले की हा तोटा टळतो. पाय बेडकाचे आणि हात फुलपाखराचे, असा हा मिश्र प्रकार होता, आणि बटरफ्लाय हे नाव त्या हातांवरूनच पडले.

ऐकायला हे सोपे वाटते, पण पोहणाऱ्याची त्यात दमछाक होते. आजच्या बटरफ्लायमध्ये माशाच्या शेपटीसारखी दोन्ही पायांची लाट अंगाला वर उचलते आणि हात बाहेर काढायला मदत करते. नकाश यांच्या काळी ही लाट नियमबाह्य होती. बेडकाचे पाय मारले की कंबर खाली बसते, आणि तशा बसलेल्या कंबरेवरून दोन्ही हात खांद्यांच्या बळावर पाण्याबाहेर काढून पुढे टाकावे लागतात. एकदा-दोनदा नव्हे, तर दोनशे मीटरभर. बहुतेक जण पहिल्या काही लांब्या हे करून दमले की उरलेले अंतर जुन्या पद्धतीने पाण्याखालून हात नेत पूर्ण करीत. इथे ताकद आणि दमसास दोन्ही लागत, आणि जी अंगकाठी फ्रीस्टाइलमध्ये नकाश यांना काहीशी जड जात असे तीच इथे कामी आली.

पुढे १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने दोन्ही प्रकार वेगळे केले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायची स्वतंत्र शर्यत प्रथमच झाली. त्यामुळे नकाश यांचा विक्रम नोंदीप्रमाणे ब्रेस्टस्ट्रोकचा आहे, तर पोहण्याच्या तंत्राप्रमाणे तो बटरफ्लायच्या पूर्वजाचा आहे. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. हा विक्रम १९४६ पर्यंत टिकला आणि नंतर अमेरिकेच्या जो व्हर्डूर यांनी तो मोडला.

१९४१ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूविरोधी कायदे लागू असताना त्यांना पोहू कसे दिले?

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला. उत्तर भाग जर्मनांच्या ताब्यात गेला आणि दक्षिणेत मार्शल पेतँ यांचे विशी सरकार आले. त्या सरकारने ऑक्टोबर १९४० मध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्या आणि अध्यापन यांपासून दूर करणारा कायदा केला, आणि त्याच महिन्यात, ७ तारखेला, क्रेमिय आदेश रद्द करून अल्जीरियातल्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. ज्या देशासाठी नकाश ऑलिंपिकमध्ये पोहले होते आणि युद्धात ज्याच्या हवाईदलात त्यांनी नोकरी केली होती, त्या देशाचे नागरिकत्व त्यांच्याकडे राहिले नाही. शिक्षकाची नोकरीही गेली. पोल आणि ते तुलूझला आले. हे शहर तेव्हा जर्मन ताब्याबाहेर होते. तिथे त्यांनी व्यायामशाळा चालवली आणि ‘तोएक’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लबात अल्बाँ मँव्हिल या प्रशिक्षकांच्या हाताखाली सराव सुरू केला. मुलगी आनी ऑगस्ट १९४१ मध्ये जन्मली, म्हणजे विश्वविक्रमानंतर महिन्याभराने.

क्रीडाक्षेत्रात मात्र त्यांच्यावर लगेच बंदी आली नाही, आणि यात विशी सरकारची विसंगती दिसते. सरकारचे क्रीडाविषयक प्रमुख होते जाँ बोरोत्रा, म्हणजे विम्बल्डनचे दोनदा विजेते ठरलेले टेनिसपटू. ते पेतँ यांच्याशी निष्ठावान होते, तरी गुणी खेळाडूला धर्मामुळे स्पर्धेबाहेर ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती. १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या दौऱ्यावर नेलेल्या खेळाडूंमध्ये त्यांनी नकाश यांनाही घेतले होते. सरकारला विजेते हवे होते आणि नकाश जिंकत होते. १९४२ मध्येही त्यांनी अनेक राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. याला सरकारची सहिष्णुता म्हणणे मला पटत नाही. नागरिकत्व काढून घ्यायचे आणि विक्रम मात्र देशाच्या खात्यात जमा करायचा, असा हा व्यवहार होता. एप्रिल १९४२ मध्ये बोरोत्रा यांना पदावरून दूर करण्यात आले, नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्य दक्षिणेतही शिरले, आणि जर्मनधार्जिण्या वृत्तपत्रांनी ‘ज्यू पोहणारा अजून स्पर्धेत कसा’ असा गिल्ला सुरू केला.

१९४३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत नेमके काय घडले?

त्या वर्षीची फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धा नेमकी तुलूझलाच, म्हणजे नकाश यांच्या घरच्या तलावावर होती, आणि तिथे त्यांना पोहण्यास मज्जाव करण्यात आला. त्यावर तोएकच्या जलतरणपटूंनी स्पर्धेतून माघार घेतली. युद्धकाळात, जर्मन सैन्य शहरात असताना, वीस-बावीस वर्षांच्या तरुणांनी वर्षभराच्या मेहनतीवर पाणी सोडले, कारण त्यांच्या सहकाऱ्याला पाण्यात उतरू दिले नव्हते. या प्रसंगाची आठवण तुलूझमध्ये अजूनही अभिमानाने काढली जाते.

याच काळात नकाश व्यायामशाळेत ज्यू प्रतिकार चळवळीतल्या तरुणांना शारीरिक प्रशिक्षण देत होते. त्यांनी गप्प बसून दिवस काढले, असा समज कोणाचा असेल तर तो दुरुस्त करावा.

त्यांचा प्रतिस्पर्धी झाक कार्तोने यानेच त्यांना पकडून दिले, हे खरे आहे का?

कार्तोने हा ब्रेस्टस्ट्रोकमधला नावाजलेला फ्रेंच जलतरणपटू होता आणि दोघांमध्ये खेळातली चुरस होती. युद्धकाळात तो जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या मिलिस या निमलष्करी संघटनेत गेला आणि ज्यूंविरुद्ध लिहू लागला, हे निर्विवाद आहे. नकाश यांची चुगली त्यानेच केली असा संशय युद्धानंतर बळावला आणि अनेक लेखांत तो सिद्ध झाल्यासारखा मांडला जातो. पण त्या चुगलीचा पुरावा न्यायालयासमोर आलेला नाही. कार्तोनेचे इतर वर्तन दोषारोपाला पुरेसे आहे, त्यात न सिद्ध झालेल्या गोष्टीची भर घालण्याचे कारण नाही.

ऑश्विट्झमध्ये त्यांच्यावर काय गुदरले?

१९४३ च्या अखेरीस गेस्टापोने नकाश, पोल आणि दोन वर्षांच्या आनीला अटक केली. पॅरिसजवळच्या द्राँसी छावणीतून २० जानेवारी १९४४ रोजी निघालेल्या ६६ क्रमांकाच्या गाडीने, सुमारे साडेअकराशे लोकांसोबत, तिघांना ऑश्विट्झला नेण्यात आले. फलाटावर पुरुषांना आणि स्त्रिया-मुलांना वेगळे करण्यात आले. पोल आणि आनी यांची तिथे पोचताच विषारी वायूने हत्या झाली. नकाश यांना ते कळले नाही. त्यांना ऑश्विट्झच्याच मोनोविट्झ या कामगार छावणीत पाठवण्यात आले, आणि आपली माणसे दुसऱ्या कुठल्या तरी छावणीत जिवंत असतील या आशेवर ते पुढचे महिने काढत राहिले.

मोनोविट्झच्या रुग्णालयात स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक रोबेर वेट्झ हे कैदी डॉक्टर काम करीत होते. नकाश यांना तिथे रुग्णसेवकाचे काम मिळाले. बाहेरच्या बर्फातल्या अंगमेहनतीपेक्षा ते सुसह्य होते, आणि त्यामुळे इतरांना थोडी मदत करणेही त्यांना शक्य झाले. माजी विश्वविजेते मुष्टियोद्धे यंग पेरेझ हेही त्याच छावणीत होते.

छावणीतल्या पहारेकऱ्यांना हा कैदी कोण आहे ते ठाऊक होते. आग विझवण्यासाठी पाणी साठवलेले हौद तिथे होते. ते पाणी थंड आणि गढूळ असे. पहारेकरी त्यात खंजीर टाकत आणि नकाश यांना बुडी मारून तो दातांनी उचलून आणायला लावत. जगातल्या सर्वांत वेगवान ब्रेस्टस्ट्रोक जलतरणपटूला, उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत, सैनिकांच्या करमणुकीसाठी पुन्हा पुन्हा तळाशी जावे लागे.

त्याच हौदांची दुसरीही एक आठवण आहे, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. १९४४ च्या उन्हाळ्यात नकाश काही वेळा नोआ क्लीगर या तरुण कैद्याबरोबर गुपचूप त्या पाण्यात उतरले आणि पोहले. बाकीचे कैदी पहाऱ्यावर राहत. सापडले असते तर शिक्षा मृत्यूचीच होती. क्लीगर पुढे इस्राएलमध्ये नामवंत पत्रकार झाले आणि या पोहण्याची साक्ष त्यांनी अनेकदा दिली. ज्या पाण्यात हुकुमावरून बुड्या माराव्या लागत, त्याच पाण्यात चार लांब्या स्वतःच्या मर्जीने मारता आल्या. त्यातून कोणाची सुटका होणार नव्हती. पण पोहणे ज्याचे आयुष्य होते त्याला ते इतक्या सहजासहजी त्या लोकांच्या हाती द्यायचे नव्हते, एवढे मला त्यातून दिसते.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्य जवळ येताच कैद्यांना बर्फातून पायी हाकण्यात आले. नकाश त्या मृत्युयात्रेतून वाचले आणि बुखेनवाल्डला पोचले. ११ एप्रिल १९४५ रोजी ती छावणी मुक्त झाली, तेव्हा त्यांचे वजन जवळजवळ निम्म्यावर आले होते.

ते जिवंत असतानाच तलावाला त्यांचे नाव दिले गेले, हे कसे?

तुलूझ शहर ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झाले. नकाश यांचा काहीच ठावठिकाणा नव्हता. ते छावणीत मरण पावले अशीच सर्वांची समजूत झाली आणि शहराने त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ एका तलावाला त्यांचे नाव दिले. पुढच्या वर्षी ते परत आले. स्वतःच्या नावाची स्मारक-पाटी लागलेल्या तलावात सरावाला उतरण्याची वेळ त्यांच्यावर आली. ते नाव नंतर तसेच ठेवले गेले. गारोन नदीतल्या बेटावरचा जलतरण तलाव आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

परतल्यावर ते पुन्हा स्पर्धेत उतरण्याइतके सावरले कसे?

सावरले असे म्हणणे कठीण आहे. पोल आणि आनी परतण्याची वाट पाहणे हळूहळू संपत गेले. क्लबातले सहकारी आणि मँव्हिल यांनी त्यांना तलावावर परत आणले. सुरुवात अगदी थोड्या अंतरापासून झाली. १९४६ मध्ये, म्हणजे बुखेनवाल्डमधून सुटल्यावर साधारण वर्षभराने, ते पुन्हा फ्रान्सचे विजेते ठरले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्ज व्हालेरे आणि आलेक्स जानी यांच्यासोबत ३ × १०० मीटर मेडले रिलेत विश्वविक्रम करणाऱ्या फ्रेंच त्रिकुटात त्यांचा समावेश होता. तेव्हाच्या मेडलेत बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल असे तीनच टप्पे असत. बटरफ्लाय स्वतंत्र प्रकार नसल्यामुळे चौथा टप्पा नव्हता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांची कामगिरी कशी झाली?

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचले. अंतिम फेरीत त्यांना स्थान मिळाले नाही. सुवर्णपदक व्हर्डूर यांनी २ मिनिटे ३९.३ सेकंद या वेळेत जिंकले. नकाश यांची १९४१ ची विक्रमी वेळ याहून कमी होती. तलाव आणि परिस्थिती वेगवेगळी असल्याने दोन्ही वेळांची थेट तुलना करता येत नाही, तरी हा आकडा नजरेआड करवत नाही. ज्यूंच्या हत्याकांडातून वाचून ऑलिंपिकमध्ये उतरलेले खेळाडू फारच थोडे आहेत. ब्रिटिश भारोत्तोलक बेन हेल्फगॉट हे त्यांतले दुसरे ठळक नाव.

ऑलिंपिक पदक नसताना त्यांना थोर जलतरणपटू का मानावे?

कारण ज्या दोन ऑलिंपिकांत ते पदक जिंकू शकले असते, ती झालीच नाहीत. १९४० चे ऑलिंपिक युद्धामुळे रद्द झाले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आणि १९४४ चे व्हायचे होते तेव्हा ते मोनोविट्झमध्ये होते. १९३६ मध्ये ते अजून घडत होते आणि १९४८ मध्ये शरीर पूर्वीचे राहिले नव्हते. पदकतालिका हे सांगत नाही. विश्वविक्रम, आणि छावणीनंतरच्या वर्षातली राष्ट्रीय विजेतेपदे, यांवरून त्यांची योग्यता ठरवावी. आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनाने त्यांना २०१९ मध्ये स्थान दिले. खूपच उशीर झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पर्धात्मक कारकिर्दीनंतर ते काय करीत होते?

ते शारीरिक शिक्षण शिकवत राहिले. काही काळ हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावरही त्यांनी हे काम केले. त्यांनी दुसरा विवाह केला. निवृत्तीनंतर भूमध्य समुद्राच्या काठावर, स्पेनच्या सीमेलगतच्या सर्बेर या गावी त्यांचा मुक्काम असे आणि तिथल्या बंदरात ते नियमाने पोहत. ४ ऑगस्ट १९८३ रोजी तिथेच पोहत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते सदुसष्ट वर्षांचे होते. सेत येथील दफनभूमीत त्यांची कबर आहे, आणि तिच्यावर त्यांच्या नावाबरोबर पोल आणि आनी यांचीही नावे कोरलेली आहेत. त्या दोघींची वेगळी कबर कुठेच नाही.

लेओं मार्शां यांच्या संदर्भात नकाश यांचे नाव का घेतले जाते?

पहिले कारण क्लब. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चार वैयक्तिक सुवर्णपदके जिंकणारे मार्शां तुलूझचे आहेत आणि ते तोएकच्याच परंपरेत घडले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ४०० मीटर फ्रीस्टाइल जिंकून फ्रान्सला जलतरणातले मोलाचे सुवर्ण मिळवून देणारे जाँ ब्वातो हेही मँव्हिल यांचेच शिष्य.

दुसरे कारण क्वचितच सांगितले जाते. ३१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मार्शां यांनी आधी २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५१.२१ सेकंदांत जिंकले आणि दोन तासांच्या आत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक २ मिनिटे ५.८५ सेकंदांत जिंकले. हे दोन प्रकार इतके भिन्न मानले जातात की एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्हींत सुवर्ण मिळवणारा जलतरणपटू त्यापूर्वी झाला नव्हता. त्याच क्लबच्या नकाश यांनी १९४१ मध्ये २ मिनिटे ३६.८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्यांचे हात पहिल्या शर्यतीचे होते आणि पाय दुसरीचे.